नागपुरात स्वमग्न मुलांसाठी छोटी शाळा: तीन मार्गांची तुलना

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी नागपुरात काही उभे करायचे ठरवलेल्या माणसापुढे, मग तो विशेष शिक्षक असो वा अशा मुलाचा पालक, साधारणपणे तीन मार्ग असतात: पूर्ण वेळेची विशेष शाळा, दोन पाळ्यांत चालणारे अध्ययन केंद्र, किंवा एखाद्या चालू शाळेच्या आवारातील स्वतंत्र वर्ग. निवड बहुधा जागा आणि पैसा पाहून केली जाते. माझ्या मते ती मुलांचे वय आणि हाताशी असलेले शिक्षक पाहून करायला हवी.

‘केंद्र’ म्हटले की परवानगीची कटकट नाही, ही समजूत आधी दूर करावी लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील संस्थेच्या व्याख्येत दिव्यांगांची देखभाल, शिक्षण, प्रशिक्षण आणि पुनर्वसन ही सगळीच कामे येतात, आणि कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. पाटीवर काय लिहिले आहे याने त्यात फरक पडत नाही. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नावेही दोन्हीकडे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावी लागतात. तेव्हा पहिल्या दोन मार्गांतील खरा फरक कागदांचा नसून तासांचा आणि शुल्काचा आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत. आपापल्या भागातील भाडे आणि पगार घालून ते बदलून घ्यावेत. समजा शाळेत १२ मुले आहेत आणि चार मुलांमागे एक शिक्षक आहे. तीन शिक्षकांचे ७५,०००, दोन मदतनीस ताईंचे २४,०००, अर्धवेळ थेरपिस्टचे ३०,०००, भाडे २५,००० आणि वीज, साहित्य वगैरे १६,००० असे धरले, तर महिन्याचा खर्च १,७०,००० रुपये होतो, म्हणजे प्रत्येक मुलामागे १४,००० रुपयांहून थोडा अधिक. केंद्रात तेच प्रमाण राखून सकाळी आठ आणि दुपारी आठ मुले घेतली, तर दोन शिक्षकांत भागते आणि खर्च मुलामागे ९,००० च्या आसपास येतो. बऱ्याच घरांच्या दृष्टीने हा फरक प्रवेश घेण्याचा की न घेण्याचा असतो. मात्र मुलाला मिळणारे तास निम्मे होतात आणि उरलेला दिवस पुन्हा आईच्याच अंगावर पडतो, हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवे. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, दुपारच्या पाळीला कोणी मूल पाठवत नाही. ज्याने वर्षाचा हिशेब बारा महिन्यांच्या शुल्कावर बसवला आहे, त्याचे केंद्र उन्हाळ्यात तोट्यात जाते.

उन्हाळ्याचा दुसरा प्रश्न कूलरचा. नागपुरात कूलरशिवाय वर्ग चालत नाही. पण लोखंडी कूलरची सततची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास यांमुळे ज्यांना आवाज किंवा गंध सहन होत नाही अशी मुले कानांवर हात घेऊन कोपरा धरतात, आणि दिवसाचा क्रम समजावा म्हणून भिंतीवर वेल्क्रोने लावलेल्या ‘डबा’, ‘झोका’, ‘घरी’ या चित्रांकडे त्यांचे लक्षच जात नाही. पूर्ण वेळेच्या शाळेत हा त्रास सहा तासांचा होतो, म्हणून तिथे किमान एका खोलीत एसी लागतोच. जागा निवडतानाही हाच विचार करावा. महाल-इतवारीत ये-जा सोपी, परंतु बाजाराची वर्दळ रोजची आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक दारावरून जाणार. बेसा-मनीषनगरकडे शांतता अधिक, पण उत्तर नागपुरातील पालकांना ते फार लांब पडते.

चालू शाळेतील वर्गाचे फायदे कागदावर सर्वांत जास्त आहेत. भाडे वाचते, मुलाचे नाव नियमित शाळेच्या पटावर राहते, आणि खेळ, स्नेहसंमेलन, मधली सुट्टी यांत इतर मुलांचा सहवास मिळतो. अडचण अशी की सारे मुख्याध्यापकांच्या मनावर अवलंबून असते. ते बदलले की वर्गाची खोली आधी भांडारघराशेजारी जाते, मग ‘त्रास देणारी’ म्हणून कोणतीही मुले तिकडे पाठवली जाऊ लागतात. व्यवस्थापनाशी किमान तीन वर्षांचा लेखी करार आणि त्यात प्रवेशाचा अधिकार आपल्याकडे, एवढे पदरात पडत नसेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

कायदेशीर स्वरूपाबद्दल थोडक्यात. सोसायटीसाठी, म्हणजे सोसायटी नोंदणी अधिनियमाखालील संस्थेसाठी, किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. कंपनी अधिनियमाच्या कलम ८ खालील ना-नफा खासगी कंपनी दोन संचालकांवर उभी राहते, पण तिची वार्षिक विवरणपत्रे वेळेवर भरण्यासाठी सीएचा खर्च धरावा लागतो. सात विश्वासू माणसे असतील तर सोसायटी, नसतील तर कंपनी. नातेवाइकांची नावे भरून सात करणे पुढे अंगाशी येते. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीवर सुरुवातीला भिस्त ठेवू नये, कारण निधी घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा, अशी नियमातच अट आहे. मुले दहा वर्षांखालील असतील तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘दिशा’ (आता ‘दिशा-कम-विकास’) योजना मात्र जरूर पाहावी.

मुले तीन ते सात वर्षांची आणि खात्रीचे शिक्षक दोनच असतील, तर मी नोंदणी करून केंद्रच सुरू करीन, तेही प्रथम सकाळच्या एकाच पाळीत, पहिल्या वर्षाची तूट आधीच बाजूला ठेवून. मुले आठ-नऊ वर्षांच्या पुढची असतील, तर दोन-तीन तासांत त्यांचे भागत नाही; स्वतःचे जेवण, शौचालय, पैसे ओळखणे, बसमध्ये बसणे हे सगळे शिकवायला अख्खा दिवस लागतो, आणि तिथे शाळेला पर्याय नाही. पण तिसरा शिक्षक कागदावरच असेल तर शाळा वर्षभर पुढे ढकलणे बरे, कारण वर्षाच्या मध्येच शिक्षक बदलला की या मुलांची बसलेली घडी पार विस्कटते.

नोंदणीच्या अर्जावर निर्णयासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ९० दिवसांची मुदत आहे. विदर्भातील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे भाडेकरार, शिक्षकांची प्रमाणपत्रे आणि अग्निशमनाची कागदपत्रे यांसह अर्ज मार्चच्या मध्यापर्यंत दाखल झालेला असावा.