कानात बसणारा ईईजी: तीन आठवड्यांच्या वापरानंतर

मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारी, इअरफोनसारखी कानात बसणारी संवेदकांची एक जोडी मी तीन आठवडे वापरली. मेंदूच्या अशा विद्युतलहरींच्या आलेखाला ईईजी म्हणतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला. आजही ही तपासणी म्हटली की डोकेभर लावलेले इलेक्ट्रोड आणि केसांतून लवकर न निघणारी जेल आठवते. ती कटकट इथे नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा हे उपकरण मला मोलाचे वाटते.

पहिली कसोटी डोळे मिटण्याची. डोळे मिटून शांत बसले की सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या अल्फा लहरी वाढतात आणि उघडले की ओसरतात. उजव्या कानातून हा चढउतार पहिल्याच बैठकीत स्वच्छ दिसला, डाव्या कानातून मात्र नुसती खरखर येत होती. रबरी बोंड एक आकार मोठे लावले, कान ओल्या कापसाने पुसला आणि पाच मिनिटे थांबलो, तेव्हा कुठे तोही ताळ्यावर आला. मेंदूचा संदेश कवटी आणि त्वचा ओलांडून बाहेर येईपर्यंत काही मायक्रोव्होल्टच उरतो, त्यातून कानातले इलेक्ट्रोड एकमेकांच्या अगदी जवळ असल्याने त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक आणखी कमी भरतो. अशा वेळी त्वचेशी स्पर्श जरा सैल पडला तरी हाती काही लागत नाही. म्हणूनच सोबत बोंडांचे तीनच आकार देणे ही मला गंभीर उणीव वाटते.

गाढ झोपेतल्या संथ, मोठ्या लहरी चांगल्या टिपल्या जातात. कुशीवर झोपल्यास कान दुखतो.

हाताची हालचाल नुसती मनात आणून, कानात टिपलेल्या लहरींच्या जोरावर पडद्यावरचा बाण हलवणे मला एकदाही जमले नाही. त्याचे नवलही नाही, कारण हाताचे नियंत्रण करणारा मेंदूचा भाग डोक्याच्या वरच्या बाजूला, कानापासून बराच दूर असतो. लुकलुकणाऱ्या दोन चौकोनांपैकी एकाकडे टक लावून तो निवडणे मात्र जमते, जरी त्याला दर वेळी आठ-दहा सेकंद लागतात.

माझी खरी तक्रार अ‍ॅपमधल्या ‘एकाग्रता गुणां’बद्दल आहे. काहीही विचार न करता मी फक्त दात आवळले आणि गुण वाढले! जबड्याच्या स्नायूंचा संदेश मेंदूच्या संदेशापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि त्यालाच हे अ‍ॅप एकाग्रता समजते. हे पडताळण्यासाठी मूळ नोंदी हव्यात, पण त्या वापरणाऱ्याला दिल्याच जात नाहीत. माझ्याच मेंदूच्या नोंदी मला मिळाव्यात, असे मी कंपनीला दोनदा कळवले आहे. ती सोय होईपर्यंत मी ही जोडी केवळ झोपेच्या नोंदींसाठी वापरणार आहे.