द स्नोमॅन (१९८२): लहान मुलांसोबत बघाच

ख्रिसमसच्या सुट्टीत पोरांना काय दाखवायचं हा प्रश्न असेल तर ही जुनी ब्रिटिश ॲनिमेशन फिल्म लावा, जेमतेम २६ मिनिटांची आहे आणि गोष्टीत कुणी एक शब्द बोलत नाही, मधे फक्त एक गाणं, त्यामुळे डबिंगची भानगडच नाही. रेमंड ब्रिग्जच्या १९७८ च्या चित्रपुस्तकावर केलीये, तेही बिनशब्दांचंच. एक मुलगा दिवसभर खपून बर्फाचा माणूस बनवतो आणि मध्यरात्री तो चालायला लागतो, बस.

मला सगळ्यात आवडतं ते चित्रकाम. पुस्तक रंगीत पेन्सिलींनी काढलंय आणि फिल्म करताना ते गुळगुळीत करून टाकलं नाही हे फार बरं झालं, रेघा तशाच दिसतात, प्रत्येक चित्र हाताने रंगवलेलं म्हणून भिंती, आभाळ, मुलाचा गाऊन सगळं सतत बारीक थरथरत असतं. आजकालच्या चकचकीत थ्रीडीत हा जिवंतपणा मला तरी सापडत नाही. घरातला भाग जाम भारी आहे, स्नोमॅन नाकाच्या जागी वेगवेगळी फळं लावून बघतो, बाबांचे कपडे चढवतो, आणि उष्णतेने हैराण झाल्यावर फ्रीजरच्या गारव्यात जो काही सुखावतो, माझी भाची तेवढाच तुकडा परत परत लावायला सांगते.

मग दोघं उडतात. खाली घुमट दिसले की आपल्याला आग्रा आठवतो पण तो इंग्लंडमधल्या ब्रायटनचा रॉयल पॅव्हेलियन नावाचा राजवाडा, मग समुद्र, देवमासा, आभाळातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, आणि त्यावर संगीतकार हॉवर्ड ब्लेकचं 'वॉकिंग इन दि एअर' हे गाणं. ते गायलंय पीटर ऑटी नावाच्या मुलाने, पण त्याचं नावच मूळ श्रेयनामावलीत नव्हतं, आणि १९८५ मध्ये ॲलेड जोन्स या दुसऱ्या बालगायकाची याच गाण्याची रेकॉर्ड गाजली म्हणून अजूनही अनेकांना फिल्ममधला आवाज त्याचाच वाटतो. मला हे खरंच लागतं, एवढा निर्मळ आवाज!

पुस्तकात ख्रिसमस नाहीच, सांताची पार्टी आणि त्याने दिलेला मफलर ही फिल्मवाल्यांची भर. पार्टी मला जरा लांबलेली वाटते, मफलर मात्र पाहिजेच होता. (शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर इथेच थांबा.) सकाळी स्नोमॅन वितळलेला असतो, आणि स्वप्न होतं म्हणून सुटकाही नाही कारण मफलर खिशात सापडतो, म्हणजे सगळं खरंच घडलं होतं आणि आता तो नाही. मुलाची समजूत घालायला शेवटी काहीही चिकटवलेलं नाही, इथे मी दिग्दर्शिका डायन जॅक्सनला पूर्ण मार्क देते. हळवी मुलं रडतात, शेजारी बसा.

एका आवृत्तीत सुरुवातीला गायक डेव्हिड बोवी माळ्यावर तोच मफलर काढून बोलतो, पहिल्यांदा बघताना तेवढं पुढे ढकला, शेवटातला मफलर आधीच कळून जातो. २०१२ चा दुसरा भाग, स्नोमॅन आणि स्नोडॉगचा, तोही गोड आहे पण गाणं काही पहिल्याच्या जवळपास येत नाही.