डेट्रॉइटजवळचं व्ही-८ वालं गॅरेज: इंजिन ओळखण्यात एक नंबर, कार्ब्युरेटरमध्ये जरा कमी (४ स्टार)

डेट्रॉइटच्या बाहेर छोटं गॅरेज आहे, फक्त जुन्या अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनच्या) गाड्या घेतात, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतात. माझी १९७० ची शेवरले कॅमॅरो नेली होती. विकणाऱ्याने 'ओरिजिनल ३५० (घन इंचांचं इंजिन), नंबर्स मॅचिंग', म्हणजे गाडीचं मूळचंच इंजिन, असं छातीठोक सांगितलेलं, पण गरम झाली की चढावर जाम नॉकिंग (इंजिनात खडखड) करायची, म्हणून म्हटलं इंजिन पण तपासा आणि ट्यूनिंग पण करून टाका.

मालकांनी नारिंगी रंग, व्हॉल्व्ह कव्हर याकडे ढुंकूनही बघितलं नाही. थेट मागे बेलहाउसिंगपाशी (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापाशी) टॉर्च मारली, ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक ओततानाच उमटलेला नंबर, ३९७००१०. ३५० चाच नंबर म्हणून मी खूश, तर म्हणाले हा ब्लॉक शेवरलेने १९६९ पासून पुढे दहा वर्षं ओतलाय, ६९ च्या झेड/२८ (कॅमॅरोचंच स्पोर्टी मॉडेल) च्या ३०२ इंजिनमध्येसुद्धा हाच होता, त्यामुळे नुसत्या या नंबरावर ३५० पण सिद्ध होत नाही. मग दुसऱ्या बाजूची कास्टिंगची तारीख दाखवली: सी १४ २. सी म्हणजे तिसरा महिना, म्हणजे १४ मार्च १९७२. १९७० च्या गाडीत ७२ चा ब्लॉक, झालं कल्याण! तरी खात्रीसाठी अल्टरनेटर सरकवून पुढचा स्टॅम्प पॅड (नंबर ठोकलेली सपाट जागा) सॉल्व्हंटने पुसला (इथे सँडपेपर मारणाऱ्याला हाकलून द्यावं, स्टॅम्प उथळ असतो, कायमचा जातो), तिथला नंबर पण गाडीच्या व्हिनशी (गाडीच्या ओळख क्रमांकाशी) जुळेना.

पण याचा फायदा ट्यूनिंगला झाला. ७१ पासून जीएमने (शेवरलेची मालक कंपनी) कम्प्रेशन कमी केलेलं, तेव्हा ७२ चं इंजिन असं नॉक करायला नको, मग यांचा संशय टायमिंगवर, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते त्यावर. टायमिंग लाइटवर सगळं ओके दिसत होतं, पण त्यांनी एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) काढला, तर बॅलन्सरची (इंजिनच्या पुढचं चाक, टायमिंगची खूण यावरच असते) बाहेरची रिंग रबरावरून सरकलेली, म्हणजे खूणच खोटी! खरं टोटल टायमिंग ४२ डिग्री निघालं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत होती. नवा बॅलन्सर टाकून, व्हॅक्यूमची नळी काढून बंद करून, ३००० आरपीएमला ३६ वर सेट केलं. नॉकिंग साफ गायब.

एक स्टार कापला तो क्वाड्राजेटसाठी, म्हणजे गाडीच्या कार्ब्युरेटरसाठी. पॅडल पूर्ण दाबलं की क्षणभर गाडीचा जोर बसायचा, तशीच हातात दिली आणि वर नवीन कार्ब्युरेटर घ्या म्हणे. मी अडून बसलो तेव्हा सेकंडरीच्या (पॅडल पूर्ण दाबल्यावर उघडणाऱ्या भागाच्या) एअर व्हॉल्व्हची स्प्रिंग जराशी ताणली, बास, तेवढंच काम होतं.

आणि हो, रिपोर्ट लेखी मागून घ्या, नाहीतर सगळं तोंडी सांगून मोकळे होतात. तारीख आणि पॅडचे फोटो समोरच काढा, अल्टरनेटर परत बसला की पॅड दिसत नाही.