रात्री साडेबाराचा वर्ग

आयरिश पुरातत्त्वाच्या ऑनलाइन कोर्सला पाचपैकी साडेतीन तारे.

विद्युत मंडळातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे आयर्लंडमधल्या कॉर्कला गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी ग्लँडोरजवळचं ड्रोम्बेगचं दगडांचं वर्तुळ दाखवायला नेलं. तिथे एका आडव्या दगडाच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसले आणि मी चमकलोच. असे खळगे मी नागपूरला काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांत पाहिलेत. शाळेत असताना सायकलवर जायचो, तेव्हा त्या खळग्यांत गोट्या ठेवायचो. घरी परतल्यावर हे डोक्यातून जाईना, म्हणून तिकडच्याच एका विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचा आयरिश पुरातत्त्वाचा दहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला. परीक्षा नाही, दोन लेखी स्वाध्याय, वयाची अट नाही.

आधी वेळेचं सांगतो, कारण भारतातून घेणाऱ्याला तीच पहिली अडचण. थेट वर्ग त्यांच्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेअकराला. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी घड्याळं मागे घेतली आणि वर्ग साडेबारावर गेला. हे मला कळलं कसं? साडेअकराला स्वेटर घालून, चहाचा थर्मास भरून तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसलो तेव्हा. ही उठून आली, म्हणाली, "शिकवणारे झोपले वाटतं."

रेकॉर्ड केलेली व्याख्यानं मात्र निराशाजनक. बहुतेक जुनी आहेत, आणि दोन ठिकाणी तर स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवलाय. मातीच्या भांड्यांच्या प्रकारांना दोन तास दिलेत. आणि २००३ साली दलदलीत सापडलेली ती दोन माणसं, ज्यांतल्या एकाच्या केसांना आयात केलेल्या राळेचा लेप होता, त्यांना जेमतेम दहा मिनिटं! सबटायटल्स यंत्राने केलेली. 'फुलख्त फिया' (जळक्या दगडांचे प्राचीन ढीग) हा शब्द आला की खाली उमटायचं 'फुल ॲक्ट फिअर'. ग्रंथालयातलं मुख्य ई-पुस्तक एका वेळी एकालाच उघडतं, आणि स्वाध्याय जमा करायच्या आठवड्यात ते नेमकं दुसऱ्याच कुणाकडे असतं. संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामापायी माझे गुण कापले, तेही लिहून ठेवतो.

पण फुलख्त फियाचा वर्ग पैसे वसूल. आयर्लंडभर ओढ्याकाठी जळक्या, फुटलेल्या दगडांचे घोड्याच्या नालाच्या आकाराचे ढीग हजारोंनी आहेत, बहुतेक कांस्ययुगातले. शेजारी जमिनीत पाण्याचं कुंड असतं. दगड तापवायचे, कुंडात टाकायचे, पाणी उकळायचं. १९५२ साली प्राध्यापक ओ'केली यांनी बॅलीव्हर्नी इथे हे खरंच करून पाहिलं. पाणी अर्ध्या तासाच्या आसपास उकळलं आणि पेंढ्यात गुंडाळलेली मेंढीची तंगडी तीन तास चाळीस मिनिटांत शिजली. हे ऐकून ही म्हणाली, "कुकरला चार शिट्ट्या." कुणी म्हणतात तिथे बिअर बनवायचे, कुणी म्हणतात आंघोळी करायचे. आमच्या शिक्षिकेने तिन्ही मतं मांडली आणि निकाल दिला नाही. मला ते आवडलं.

केजे फील्ड्स या प्राचीन शेतांचा वर्गही तसाच. (Céide या स्पेलिंगवरून मी तीन आठवडे 'सीड' म्हणत होतो.) मेयो परगण्यात १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड या शाळामास्तराला जळणासाठी पीट (दलदलीत साचलेली कुजक्या वनस्पतींची माती) कापताना खाली दगडांच्या रांगा लागल्या. पीट साचायच्या आधीच कुणीतरी रचलेले बांध होते ते. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि लोखंडी सळ्या पीटमध्ये खुपसत, दगडाला कुठे टेकते ते बघत, त्याने अख्खी नवाश्मयुगीन शेतं नकाशावर उतरवली. अर्थिंगचे रॉड जमिनीत ठोकण्यात माझी पंचवीस वर्षं गेलीत. सळईला दगड लागला की हाताला कसं कळतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ओघम लिपीत मात्र फजिती झाली. दगडाच्या कडेवर रेघा मारून, खालून वर वाचायची ही लिपी. मूळ अक्षरं वीस. त्यात 'प' नाही, आणि माझं नाव सुरूच 'प'ने होतं.

पहिल्या स्वाध्यायात मी छाती फुगवून लिहिलं की ड्रोम्बेग आणि जुनापाणी यांचं मूळ एकच असावं. शिक्षिकेचा शेरा आला: सारखं दिसणं हा पुरावा नव्हे. ड्रोम्बेग कांस्ययुगाच्या अखेरीचं, जुनापाणी लोहयुगातलं दफनस्थान, मधल्या हजारो मैलांत दुवा कुठे? आठ दिवस रागावलो. मग पटलं. आमच्या खात्यात दोन फीडर एकाच वेळी ट्रिप झाले तर सगळे एकच कारण धरून बसायचे, आणि मीच त्यांना ओरडायचो.

दुसरा स्वाध्याय या कोर्सचं खरं मोल. राष्ट्रीय स्मारक सेवेचा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे, त्यावर नोंदलेलं प्रत्येक स्थळ लाल ठिपक्याने दाखवलंय. घराजवळचा एक ठिपका निवडा, १८४०च्या सुमाराच्या सहा-इंची नकाशाशी ताडून बघा, जागेवर जा, वर्णन लिहा. मी नागपुरात बसून काय जाणार? शिक्षिकेने लेकीच्या घराजवळचा ठिपका, मातीच्या गोल बांधाचा एक रिंगफोर्ट, घ्यायला परवानगी दिली. रविवारी दुपारी जावईबापूंनी शेतकऱ्याला विचारलं आणि माझी नऊ वर्षांची नात फोन उंच धरून गुडघाभर गवतात शिरली. मी इथे पलंगावर, मांडीवर वही. "आबा, इथे चढ आहे. आता उतार." ती पावलं मोजत गेली, या काठापासून त्या काठापर्यंत एकेचाळीस. वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं, एक गाय सारखी फोन चाटायला येत होती. पण कॅमेरा कलता सूर्य पकडून वळला आणि बांधाची सावली गवतावर गोल उमटली, तेव्हा जुन्या नकाशावरचं बारीक रेघांचं ते केसाळ वर्तुळ मला जिवंत दिसलं. मध्ययुगाच्या आरंभीच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाचं घर, गुरांसकट, त्या मातीच्या कड्याच्या आत.

शेतकऱ्याने आपल्या बापालाही तिथे नांगर घालताना पाहिलं नाही. पऱ्या राहतात म्हणे. नातीने विचारलं, "खरंच?" तो म्हणाला, आपला विश्वास नाही, पण ते काटेरी झाड आपण तोडणार नाही. आमच्या गावच्या मुंज्याच्या पिंपळाबद्दल माझे काका नेमकं हेच बोलायचे. हे मी स्वाध्यायात लिहिलं नाही, पुन्हा शेरा आला असता.

घ्यायचा असेल तर एवढं करा: व्याख्यानं दीडपट वेगाने ऐका, ई-पुस्तक तिसऱ्याच आठवड्यात वाचून टाका आणि ठिपका पहिल्या दिवशी निवडा. कोर्स संपल्यावर २१ डिसेंबरला न्यूग्रेंज या प्राचीन दगडी थडग्यातल्या सूर्योदयाचं थेट प्रक्षेपण बघितलं. आपल्याकडे दुपारचे अडीच, जेवण उरकलेलं. १९६७ साली याच सकाळी ओ'केली त्या दालनात उभे होते आणि दाराच्या वरच्या झरोक्यातून ऊन आत आलं होतं, हे वर्गात ऐकलेलं. आमच्या वेळी ढग आले.