सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट घेत नाही: आधी स्कॅनर घ्यायचा की टेस्ट लॅम्प?

बॅटरी ठणठणीत आहे, टाकीत पेट्रोल आहे, सेल्फ जोरात फिरतोय आणि तरी गाडी स्टार्ट घेत नाही, इथपर्यंत तुम्ही आलाय असं धरून चालतो. आणि इंजिन दुसऱ्या गाडीतलं आहे. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी, मूळ ९७० सीसीची, तिच्यात एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं इंजिन बसवलंय. इंजिन, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि अर्धवट कापलेलं वायरिंग असा सगळा सेट कुर्ल्याच्या भंगार मार्केटमधून आलेला. इंजिन बसवणं वगैरे होऊन जातं हो, खरी मजा वायरिंगमध्ये असते.

ग्रुपवर विचारलं की निम्मे लोक सांगतात ब्लूटूथचा ईएलएम३२७, म्हणजे मोबाइलच्या ॲपला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर घे, उरलेले सांगतात शे-दोनशे रुपयांचा टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट आहे का बघायचा चिमटा आणि टोकवाला बल्ब घे. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही वापरलेत.

स्कॅनरची बाजू आधी सांगतो, कारण त्याला उगाच नावं ठेवायची नाहीयेत. ईसीएम बोलत असेल तर स्कॅनरसारखं सुख नाही. सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघायचा, दोनशेच्या आसपास काहीतरी दिसलं तर इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतोय. शून्यच दिसलं तर सेन्सर, त्याची वायर नाहीतर कनेक्टर. ही गोष्ट लॅम्पने कळत नाही, आणि सेन्सरच्या सिग्नल वायरला बल्बवाला लॅम्प लावूही नका, तिथे मल्टिमीटरच. कूलंटचा सेन्सर उणे चाळीस दाखवत असेल तर तेही स्कॅनरवरच दिसणार, आणि इंजिन बदलताना तो कनेक्टर लावायचा राहून जाणं फार कॉमन आहे.

पण ईसीएम बोलत असेल तर. ओबीडी टू, म्हणजे स्कॅनरशी बोलायची सगळ्या कंपन्यांची एकच ठरलेली पद्धत, आपल्याकडे सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या मारुतीत स्कॅनर लावायचा पोर्ट असला तरी ती कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असेल, मग स्वस्तातला स्कॅनर नुसता गोल गोल फिरत बसतो. माझा ईसीएम फक्त एका ॲपशी बोलतो, तेही मूड असेल तेव्हा. आणि भंगारातून आलेल्या वायरिंगमध्ये पोर्टच कापलेला असणं काही नवीन नाही, कारण कापणाऱ्याला त्याचं काय.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत ठरलं ती. चावी ऑन केली की सगळं झकास, चेक इंजिन लाइट लागायचा, पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून बंद व्हायचा, स्कॅनर कनेक्ट व्हायचा, एकही एरर कोड नाही. सेल्फ मारला की ॲप डिस्कनेक्ट. आता हे काय समजायचं? स्वस्तातला स्कॅनर, सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो म्हणून तो पडला असेल, असंच कोणालाही वाटेल, ग्रुपवरही सगळे तेच म्हणाले, केबलवाला घे म्हणाले. म्हणजे नेमकं ज्या क्षणी बघायचंय त्याच क्षणी हा डोळे मिटणार, आणि वर स्कॅनर पडला की ईसीएम पडला हेही कळणार नाही. याचा मला इतका वैताग आला होता की विचारू नका.

टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थिंगला लावला, टोक ईसीएमच्या मेन रिलेला (ईसीएमला करंट जोडणारा स्विच) चालू करणाऱ्या वायरवर धरलं, मित्राला सांगितलं मार सेल्फ. लॅम्प विझला. सेल्फ सोडला, लॅम्प लागला. संपलं. चावीच्या स्विचमधून ऑनला करंट देणाऱ्या सगळ्या वायरी सेल्फ मारताना चालू राहत नाहीत, ब्लोअर-वायपरवाली लाइन तेवढ्या वेळेपुरती बंद होते, आणि ज्याने वायरिंग केलं त्याने हाताशी आली म्हणून नेमकी ब्लोअरची लाइन ईसीएमला दिलेली. सेल्फ फिरतोय तोवर ईसीएमला करंटच नाही, मग स्पार्क कुठला आणि इंजेक्टर कुठले. याची एक खूण सांगून ठेवतो, सेल्फ सोडता सोडता गाडी एखादा धक्का देते, क्वचित स्टार्टही होते, कारण इंजिन अजून फिरत असतं आणि ईसीएम तेवढ्यात जागा होतो. तुमच्याकडे असं होत असेल तर बाकी काही उघडू नका, आधी ही वायर बघा.

अर्थिंगचंही तसंच. चिमटा बॅटरीच्या प्लसला, टोक ईसीएमच्या अर्थ वायरवर, सेल्फ मारताना लॅम्प थेट बॅटरीच्या मायनसवर धरल्यापेक्षा जास्त मंद झाला तर इंजिन ब्लॉकवरचा रंग खरवडून अर्थिंग परत घट्ट करा. इथे मल्टिमीटर फसवतो, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र करंट खातो म्हणून खोटं बोलत नाही. इंजेक्टरला सिग्नल येतोय का बघायला नॉइड लाइट वेगळा मिळतो, तो घ्या, स्वस्त आहे. पंपाचं प्रेशर मात्र गेजशिवाय कळत नाही, त्याला दोघांचाही उपयोग नाही, आणि कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा मूळ पंप एमपीएफआयला लागणाऱ्या अडीच-तीन बारच्या जवळपासही जात नाही हे वेगळं सांगायला नको.

स्विफ्टचं किंवा त्यानंतरचं इंजिन टाकत असाल तर थोडं वेगळं. तिथे इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारा प्रकार असतो, ईसीएम, त्याचं मॉड्यूल आणि चावीतली चिप असा पूर्ण सेट नसेल तर सेल्फ फिरतो पण गाडी कधीच स्टार्ट घेत नाही. ते डॅशवरच्या लुकलुकणाऱ्या लाइटवरून कळतं, आणि नक्की करायला चांगला स्कॅनर लागतो. २०१३ नंतरचं इंजिन असेल आणि पोर्ट शाबूत असेल तर मी स्कॅनरला नाही म्हणणार नाही, फक्त ब्लूटूथचा नको, केबलवाला घ्या.

प्रत्येकाची गाडी वेगळी, वायरिंग करणारा वेगळा, त्यामुळे माझंच खरं असं नाही. पण एकाच वस्तूचे पैसे असतील तर मी तरी आधी लॅम्प घेईन. आणि घ्याल तो बल्बवालाच घ्या, दुकानदार एलईडीचा पुढे करेल, तो अर्धमेल्या वायरीवरही छान लागतो.