‘एम्पायर ऑफ इंडिया’च्या नावाखाली विकलेलं मॅलार्ड

इंग्लंडमध्ये जुनी रेल्वे मॉडेल्स घेणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर वाचावं. ‘एम्पायर ऑफ इंडिया’ ही पाटी बघून थबकणारा मी एकटाच नसणार.

ब्रिटिश रेल्वे अभियंता नायजेल ग्रेस्लींच्या ए-४ वर्गाची ३५ वाफेची इंजिनं १९३५ ते १९३८ मध्ये डॉनकास्टरला बांधली गेली. त्यातलं मॅलार्ड ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांनी धावलं आणि वाफेच्या इंजिनांचा विक्रम त्याच्या नावावर लागला. साहजिकच त्याची मॉडेल्स उदंड निघाली, सेकंडहँड तर स्वस्तात मिळतात. ४४९० क्रमांकाचं ‘एम्पायर ऑफ इंडिया’ क्वचितच दिसतं, म्हणून महाग. १९३७ साली लंडनहून एडिंबराला सहा तासांत पोहोचणाऱ्या ‘कॉरोनेशन’ गाडीसाठी ज्या पाच इंजिनांना साम्राज्यातल्या देशांची नावं दिली, त्यांतलं हे एक. नाव पारतंत्र्यातलं, तरी त्यात आपला देश आहे. मला ते मनापासून हवं होतं.

विक्रेत्यानं सांगितलं: मूळ रंग, मोटर इंजिनात, सोबत प्रमाणपत्र. फोटो सगळे खालून, नाकाच्या बाजूनं काढलेले. पैसे थेट बँक खात्यात दिले तर किंमत कमी करतो म्हणाला.

खोकं उघडलं तर टेंडरच, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबाच, जड. जुन्या पद्धतीची मोटर तिथे होती. नावाची पाटी चिकटवलेली, आणि तिरप्या उजेडात तिच्याखाली दबलेल्या जुन्या अक्षरांच्या कडा दिसत होत्या. पण पक्का पुरावा धुराड्याचा. मॅलार्डला १९३८ मध्ये बांधतानाच जोडधुराडं बसवलं होतं. ‘एम्पायर ऑफ इंडिया’ला ते मिळालं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर चाकांवरची पत्र्याची झालर युद्धकाळात, देखभाल सोपी व्हावी म्हणून, काढूनही झाली होती. म्हणजे निळा रंग, झालर, ४४९० आणि जोडधुराडं असं इंजिन रुळावर कधी नव्हतंच. हे मॅलार्डच होतं, नाव-नंबर बदललेलं.

विक्रेत्यानं एकदा ‘वर्णन बरोबरच आहे’ असं कळवलं, मग उत्तरच देईना. बँकेचं म्हणणं, वस्तू पोहोचली आहे, तेव्हा हा तुम्हा दोघांतला वाद. सगळ्यात चीड आली ती त्या प्रमाणपत्राची. घरच्या प्रिंटरवर छापलेलं, वर ऐटीत क्रमांकही टाकलेला.

वरून काढलेला फोटो मागा, धुराडं त्यातच दिसतं. टेंडर उलटं करून दाखवायला सांगा. वेबसाइटवरून घेत असाल तर पैसे तिच्याच व्यवस्थेतून द्या. दुकानातून १०० पौंडांहून महागाची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली तर कायद्यानं कार्ड कंपनीही जबाबदार असते. खाजगी माणसाच्या खात्यात पैसे भरले की हे संरक्षण नाही.

त्याच विक्रेत्याची आता त्या पाचांतल्याच ‘डोमिनियन ऑफ न्यूझीलंड’ची जाहिरात आहे. मॉडेलखालचा गालिचा तोच, फोटो तसेच खालून. दुसऱ्या खात्यावरून मी वरचा फोटो मागितला. उत्तर आलेलं नाही आणि जाहिरात अजून तिथेच आहे.