जुनी आर्गो कॉन्क्वेस्ट घेताना इंजिनाआधी बूड तपासा

आठ फुगीर चाकं, स्टिअरिंगच्या जागी हॅंडल, टबासारखी प्लॅस्टिकची बॉडी, आणि चिखलातून सरळ तळ्यात उतरून पलीकडच्या काठावर निघणारी गाडी. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात, किचनर शहराजवळच्या न्यू हॅम्बर्ग गावात ही आर्गो बनते. ओन्टारिओ ड्राइव्ह अँड गिअर ही कंपनी 1962 सालची, पहिली आर्गो 1967 ची. कॅनडाच्या अवकाश संस्थेसाठी बनवलेल्या जुनो या प्रायोगिक रोव्हरची चाल याच घराण्यातली, यावरून या रचनेचा दम कळावा.

हे परीक्षण आहे वापरलेल्या कॉन्क्वेस्टचं, म्हणजे कावासाकीचं एफडी620डी इंजिन असलेल्या आठ चाकी मॉडेलचं: दोन सिलिंडर, 617 सीसी, 20 हॉर्सपॉवर, पाण्याने थंड होणारं. जुनी गाडी उघडून पुन्हा उभी करायची हौस असेल तर यासारखी शिकवणारी गाडी नाही. जवळजवळ सगळं साध्या पान्यांनी उघडतं. मात्र विकणारा इंजिन चालू करून दाखवतो आणि घेणारा त्या आवाजावर भाव ठरवतो, तिथे फसगत होते. इंजिन सोडवून बाहेर काढता येतं. खरा खर्च असतो तो सीटखाली, जिथे चिखलपाणी वर्षानुवर्षं साचून राहतं.

आधी रचना समजून घ्या. इंजिनाची ताकद बेल्टवरून गिअरबॉक्सला जाते. तिथे डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, आणि डाव्या-उजव्या दोन टोकांवर एकेक ब्रेक. हॅंडल डावीकडे वळवलं की डाव्या बाजूचा ब्रेक लागतो, ती बाजू मंदावते आणि डिफरन्शियलमुळे उजव्या बाजूचा वेग तेवढाच वाढतो. पुढे प्रत्येक बाजूची चारही चाकं चेनने एकमेकांना जखडलेली. दोन्ही बाजूंना स्वतंत्र फिरायचं असल्यामुळे डावे-उजवे ॲक्सल वेगवेगळे, म्हणजे एकूण आठ, आणि दर ॲक्सलला बाहेर एक व आत एक अशी सोळा बेअरिंगं.

पाहणीला जाताना टॉर्च, छोटी हातोडी आणि स्टीलची पट्टी घ्या. सीट आणि पायाखालचे पत्रे उचलायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तिथेच रामराम करा. तळाच्या चॅनेलवर, म्हणजे सांगाड्याच्या पन्हाळीसारख्या लोखंडी पट्ट्यांवर, हातोडीने हलके ठोका. टणत्कार आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आतून कुजलाय. कुजलेला सांगाडा वेल्डिंगने नीट होतो, पण त्यासाठी बॉडी पूर्ण उतरवावी लागते, आणि मग ती आठवड्याची नव्हे, अख्ख्या हिवाळ्याची कामगिरी होते.

यानंतर ॲक्सल. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहा. बाहेरच्या बेअरिंगच्या घरात ग्रीस भरलेलं असतं. ते नुसतं वंगण नाही, पाणी अडवणारी भिंतही आहे. ग्रीस गनचे दोन-चार दाब दिल्यावर बाहेर येणारं जुनं ग्रीस बोटावर घ्या. काळं किंवा तपकिरी असेल तर ठीक. दुधाळ आणि पातळ निघालं तर आत पाणी मुरलंय आणि बेअरिंग गेल्यात जमा. बेअरिंग बदलताना सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, जिथे घासतो ती ॲक्सलवरची जागा साफ करून नखाने तपासा. नख अडकेल एवढी खाच किंवा गंजाचे खड्डे असतील तर नवा सील एका मोसमात फाटेल, तेव्हा ॲक्सलच बदला. सील मात्र जुना कितीही चांगला दिसला तरी परत बसवू नका. बेअरिंग ॲक्सलवर आवळून धरणारी गंजलेली कॉलर सोडवायला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ॲक्सलच्या टोकावर थेट घण घातलात तर आटे बसतील. भरताना पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस वापरा आणि गन सावकाश दाबा. जोर लावला तर सीलच उलटतो.

चेन म्हणजे या गाडीचा कणा. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात पिना आणि बुश झिजतात. चेनचा नंबर तिच्या कडेच्या पत्रीवर कोरलेला असतो. 50 नंबरच्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, 15.875 मिमी, म्हणजे 12 पिचचं अंतर नव्या चेनमध्ये 190.5 मिमी, 60 नंबरला तेच 228.6 मिमी. चेन ताठ ओढून हे अंतर मोजा. दोन टक्के वाढ, म्हणजे अनुक्रमे 194 आणि 233 मिमीच्या पुढे, दिसली की बदलायची वेळ झाली. एखादी लिंक काढून चेन आखूड करण्याचा मोह टाळा. पिच वाढलेली चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांच्या टोकांवर चढते आणि भर चिखलात दात ओलांडते. आकडीसारखे वाकलेले दात दिसले तर स्प्रॉकेटही नवं घ्या, नाहीतर ते नवी चेन खाऊन टाकतं. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लिंकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा घासणारा तुकडा स्वस्त आहे, तो डोळे झाकून बदला. चालवण्याच्या दर दहा-बारा तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच तेल द्या.

चेन लवकर का झिजते, याचं उत्तर बहुतेकदा टायरमध्ये सापडतं. एका बाजूची चारही चाकं सारख्याच गतीने फिरतात, पण घेर वेगळे असतील तर प्रत्येक चाक तेवढ्याच फेऱ्यांत वेगळं अंतर कापू पाहतं. ही ओढाताण चिखलात घसरून मोकळी होते. डांबरी रस्त्यावर ती सगळी चेनवर आणि ॲक्सलवर येते. म्हणून एकच नवा टायर घालू नका. टेपने घेर मोजा आणि एका बाजूचे टायर सेंटिमीटरभराच्या फरकात ठेवा. हवा अगदी कमी, 3 ते 5 पीएसआय. पेट्रोल पंपावरचा गेज इथे निरुपयोगी, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावाच लागतो. कडक जमिनीवर वळताना हॅंडल जड वाटत असेल तर मधल्या चाकांत अर्धा-एक पीएसआय जास्त ठेवून पाहा. टोकाच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि गाडी हलकी वळते.

आता इंजिन. एफडी620डी दणकट आहे, पण त्याच्या कॅमशाफ्टवरचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावरचं, मूळ गिअर प्लॅस्टिकचं. वय आणि उष्णतेने ते ठिसूळ होतं आणि दात सुटतात. लक्षण ठरलेलं: चालतं इंजिन एकदम बंद पडतं आणि मग स्टार्टरवर नेहमीपेक्षा हलकं, सिलिंडरमध्ये हवेचा दाबच (कॉम्प्रेशन) नसल्यासारखं फिरतं. विकणाऱ्याला सरळ विचारा, ‘कॅम गिअर बदललंय का, बिल आहे का?’ नसेल तर घरी आणल्यावर पहिलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि प्लॅस्टिकचे कण शोधा. धातूचं गिअर मिळतं. मात्र ते बसवायला इंजिन उतरवून क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य कोठा, उघडावा लागतो. हा खर्च भाव ठरवतानाच वजा करा. रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेला चिखल मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर मारला की पाकळ्या आडव्या.

बेल्टबद्दल एवढंच: चकाकी आलेला, कडेला जळालेला बेल्ट म्हणजे आधीच्या मालकाने ओझं हाय गिअरमध्ये ओढलंय. चिखल, चढ आणि पाण्यात उतरणं, तिन्ही लो गिअरमध्येच. ब्रेकचंही तसंच. वळताना हॅंडल सतत दाबून धरलं की डिस्क तापते आणि ब्रेक ऑइल उकळतं, मग गाडी वळेनाशी होते. झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच ब्रेक ऑइल भरा. सिलिकॉनचं डॉट 5 इतर प्रकारांत मिसळत नाही.

बॉडी पॉलिइथिलीनची. त्यावर एपॉक्सी किंवा फायबरचं ठिगळ टिकत नाही, महिन्याभरात सालपटासारखं निघतं. तड्याच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. मग इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, वरचा उन्हाने पांढुरका झालेला थर खरवडून काढा आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकची काडी 280-300 अंश सेल्सिअसच्या गरम हवेने भरा. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. काडी धूर सोडू लागली तर उष्णता जास्त होतेय.

पाण्यात नेण्याआधी गाडी लोखंडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) चढवून आतच पाणी भरा, ॲक्सलच्या वर दोन बोटं. तासाभरात जिथून ठिपकेल ती जागा खडूने खुणवा. तळ्यात बसून गळती शोधण्यापेक्षा हे फार सोपं. त्यानंतर ड्रेन प्लग लावल्याची खात्री करा, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप बॅटरीवर चालवून पाहा, लाइफ जॅकेट घाला आणि पहिली फेरी छातीएवढ्या पाण्यात, वारा नसताना काढा. फक्त टायरच्या खाचांवर गाडी पाण्यात माणूस चालतो त्याच वेगाने जाते. समोरून वारा आला की तेवढंही नाही. पाण्यातली भारमर्यादा जमिनीवरच्यापेक्षा कमी असते, ती गाडीवरच्या पाटीवर वाचा आणि पेट्रोलचा कॅन, कुत्रा, मासळीची पेटी सगळं त्यात धरा.

ओन्टारिओच्या थंडीसाठी एक खास सूचना. वापर झाला की गाडी नाक वर करून उभी करा आणि ड्रेन प्लग काढून ठेवा. तळात चार लिटर पाणी राहिलं आणि रात्रीत गोठलं तर खालची चेन बर्फात घट्ट बसते. सकाळी तशीच गाडी गिअरमध्ये टाकली की चेन तरी तुटते, नाहीतर स्प्रॉकेटचे दात तरी जातात. आधी हाताने ढकलून पाहा. हलत नसेल तर गरम पाणी ओता, थांबा, आणि वितळलेलं पाणी प्लगमधून पूर्ण गेल्यावरच चावी फिरवा.